दख्खनच्या माळाचे छायाचित्रण आणि पावसाळा

पुण्याच्या दक्षिणेकडील बिबवेवाडीची टेकडी वैशाखात पाहून गेलेला मनुष्य भाद्रपदात पुन्हा आला, तर आपली वाट चुकली असे त्यास वाटावे. तांबूस मुरूम आणि वाळके गवत ह्यांच्या जागी दोन-तीन महिन्यांत हिरवळ पसरलेली असते. पुण्यास वर्षाकाठी सरासरीने ७०० मिलिमीटरांच्या आसपास पाऊस मिळतो. येथून सुपे-बारामतीकडे किंवा माण तालुक्याकडे जावे, तसे हे मान ५०० मिलिमीटरांच्या जवळ वा त्याहूनही खाली उतरते आणि एकाच भूमीच्या ह्या दोन रूपांतील अंतर वाढत जाते. ज्या वर्षी हस्ताचा पाऊस जोराने कोसळतो, त्या वर्षी तर हे अंतर थक्क करणारे असते. ह्या दोन रूपांपैकी जुन्या छायाचित्रकारांनी कोणते मागे ठेवले, हा प्रश्न वरवर क्षुल्लक आहे. परंतु ह्या मुलखाविषयीचे पुष्कळसे निष्कर्ष त्याच्या उत्तरावर अवलंबून आहेत.

पर्जन्यछायेतील ह्या प्रदेशास 'वाळवंट' म्हणण्याची सवय आता रूढ झाली आहे. मराठीत मात्र ह्या शब्दाचा एक जुना आणि जिवंत अर्थ नदीकाठची वाळूची जागा असा आहे. चंद्रभागेचे वाळवंट हे त्याचे सर्वपरिचित उदाहरण. तेथे पाणी जवळ आहे आणि माणसांची दाटी आहे! 'ओसाड' ह्या शब्दाचा रोखही मुख्यतः मनुष्यवस्ती उठून गेल्याकडे असतो, पावसाकडे नव्हे. उलट 'माळ', 'बरड', 'कुरण' हे शब्द जमिनीचा पोत आणि तिचा उपयोग सांगतात. बोलीने केलेले हे बारीक भेद छायाचित्राच्या काचेवर उतरले नाहीत, आणि त्याची कारणे तपासण्याजोगी आहेत.

मुंबईत फोटोग्राफिक सोसायटीची स्थापना १८५४ मध्ये झाली. डॉ. नारायण दाजी ह्यांच्यासारखे एतद्देशीय गृहस्थ आरंभीच्या काळातच ह्या कलेकडे वळले होते. १८५५ मध्ये तोफखान्यातील अधिकारी थॉमस बिग्ज ह्यांस मुंबई सरकारने विजापूर आणि त्या बाजूच्या वास्तूंची छायाचित्रे घेण्याच्या कामी नेमले. पुढे ते काम डॉ. पिगू ह्यांच्याकडे गेले. विजापूरचा मुलूख अवर्षणाचाच. परंतु नेमणूक इमारतींसाठी होती. भोवतालची जमीन चित्रात आली ती केवळ पार्श्वभूमी म्हणून.

फ्रेडरिक स्कॉट आर्चर ह्यांनी १८५१ मध्ये प्रसिद्ध केलेली कलोडियनची ओली पद्धत त्यानंतर सर्वत्र पसरली. तीत काचेवर लेप देणे, चित्र घेणे आणि ते रसायनात उमटवणे ही सर्व कामे लेप सुकण्यापूर्वी उरकावी लागत. उन्हाळ्यात लेप झपाट्याने सुके, म्हणून काळोखी तंबू आणि पाण्याची पखाल बरोबर घेऊनच हिंडावे लागे. पावसाळ्यात ओलसर हवा आणि कमी उजेड ही अडचण होतीच. शिवाय काळ्या मातीच्या रस्त्यांत गाड्या रुतत. सरकारी अंमलदारांची फिरती पावसाळा सरल्यावरच सुरू होई. कार्तिक-मार्गशीर्षात तंबू माळावर उभे राहीपर्यंत कुसळी आणि पवन्या गवत पिवळे पडलेले असे. ज्या काळात माळ हिरवा असतो नेमक्या त्याच काळात कॅमेरा पेटीत बंद असे, असे म्हणण्यास फारशी हरकत नाही.

तथापि एखाद्याने भर भाद्रपदात चित्र घेतले असते, तरी ते हिरवेपण उमटले नसते. ही बाब अभ्यासकांच्या नजरेतून सहसा निसटते. त्या काळची रसायने निळ्या आणि अतिनील प्रकाशासच प्रतिसाद देत. निळे आकाश पांढरेफटक येई, हिरवे गवत काळपट येई आणि तांबडी मातीही काळवंडलेली दिसे. मुरूम आणि त्यावर उगवलेले गवत ह्यांच्यातील जो भेद डोळ्यास प्रथम जाणवतो, तोच काचेवर पुसट होई. जोराच्या सरीनंतर आकाशात उरणारे ढगही बहुधा हरपत. हर्मन फोगेल ह्यांनी १८७३ मध्ये विशिष्ट रंगद्रव्य मिसळून काच हिरव्या प्रकाशास संवेदनक्षम करता येते असे दाखविले. तांबड्यासह सर्व रंगांना प्रतिसाद देणाऱ्या काचा १९०६ पासून बाजारात मिळू लागल्या. दरम्यान १८७६-७८ चा दुष्काळ होऊन गेला होता. मद्रास इलाख्यात विलोबी हूपर ह्यांनी घेतलेली दुष्काळपीडितांची चित्रे दक्षिणेतील अवर्षणाची ओळख होऊन बसली.

ह्यावरून जुनी छायाचित्रे खोटी ठरत नाहीत. ती एका ऋतूची साक्ष देतात, आणि ती साक्ष बारा महिन्यांची समजली जाते, एवढेच. अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागातील रुक्ष प्रदेशाविषयी हेस्टिंग्ज आणि टर्नर ह्यांनी १९६५ मध्ये प्रसिद्ध केलेला ग्रंथ येथे उपयोगी पडतो. जुने चित्र जेथून घेतले होते, नेमके तेथेच पुन्हा उभे राहून त्यांनी नवी चित्रे घेतली आणि वनस्पतींतील बदल ताडून पाहिला. दख्खनमध्ये ही पद्धत वापरावयाची तर स्थळ जुळविणे पुरेसे नाही, महिनाही जुळवावा लागेल. जलसंधारणाच्या कामांविषयी 'पूर्वी' आणि 'नंतर' अशा चित्रांच्या जोड्या अलीकडे पुष्कळ छापल्या जातात. पहिले चित्र चैत्रातील आणि दुसरे आश्विनातील असेल, तर त्या जोडीने बंधाऱ्याचे श्रेय सिद्ध होत नाही, फार तर पंचांग सिद्ध होते. ह्याच्या उलट चूक अधिक महाग पडते. उन्हाळी चित्रावर विसंबून माळास 'पडीक' ठरविले की धनगरांची चराई हिशेबातून गळते, आणि त्याच गवतावर जगणारे चिंकारा व माळढोकही गळतात.

खऱ्या मरुभूमीतही चित्राची मर्यादा हीच. ऑगस्ट २००६ मध्ये राजस्थानातील बाडमेर जिल्ह्यात काही दिवसांतच वर्षाच्या सरासरीहून अधिक पाऊस झाला आणि कवास गावी पाणी दीर्घकाळ साचून राहिले. वाळूखालील जिप्समच्या थराने ते मुरू दिले नव्हते. वाळूवर पसरलेले पाणी चित्रात दिसते. थर दिसत नाही, आणि पाणी किती दिवस राहिले तेही दिसत नाही.

बिबवेवाडीच्या पश्चिमेकडून आंबिल ओढा कात्रजच्या डोंगरातून येऊन मुठेस मिळतो. उन्हाळ्यात घेतलेल्या चित्रात तो घरांच्या रांगांमधील एक अरुंद नाला वाटेल. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री, उत्तरा नक्षत्राच्या अखेरीस, त्याने आपले जुने पात्र परत घेतले. काठच्या वस्त्यांच्या भिंती कोसळल्या आणि माणसे वाहून गेली. पात्राची खरी रुंदी दुसऱ्या दिवशीच्या चित्रांत दिसते.