तातडीच्या परिचारिकांची संघटना : एका नावाचा इतिहास

इतिहास म्हटला की आपल्याकडे गड, लढाया आणि तह यांची अपेक्षा असते. वसंतातल्या संध्याकाळी मुद्दाम वेळ काढून आलेल्या श्रोत्यांची ही अपेक्षा मोडणे वक्त्याला धोक्याचे असते, हे मला ठाऊक आहे. तरीही आज मी आपल्याला एका खोलीचा आणि त्या खोलीत रात्रपाळी करणाऱ्या बायकांचा इतिहास सांगणार आहे. खोली अमेरिकेतली आहे. पण तिच्या दाराशी आपणही केव्हा ना केव्हा उभे राहिलेले असतो.

रात्री दोन वाजता छातीत कळ आलेल्या वडिलांना घेऊन आपण इस्पितळाच्या दारात उतरतो. त्या वेळी आपल्याला प्रथम कोण भेटते? मोठे डॉक्टर घरी असतात, धाकटे डॉक्टर दुसऱ्या रोग्याजवळ अडकलेले असतात. भेटते ती परिचारिका. रोग्याच्या चेहऱ्याकडे, ओठांच्या रंगाकडे आणि श्वासाकडे ती एक दृष्टी टाकते आणि ठरवते, की याला बाकावर बसवायचे की तडक आत न्यायचे. हा निर्णय जेमतेम अर्ध्या मिनिटाचा असतो. पुष्कळदा आयुष्य त्या अर्ध्या मिनिटात राहते किंवा जाते. असे असूनही हा निर्णय घेण्यास काही निराळी विद्या लागते, ती शिकवता येते आणि तिची परीक्षा घेता येते, ही गोष्ट वैद्यकाच्या जगाने फार उशिरा मान्य केली. ती मान्य कशी झाली, हाच आजचा विषय.

आपल्या इस्पितळांत या जागेला ‘कॅज्युअल्टी’ म्हणण्याची चाल आहे. शब्द लष्करी आहे. लढाईनंतर मेलेल्या, जखमी झालेल्या आणि हरवलेल्या शिपायांची जी गणती होते, तिला इंग्रज ‘कॅज्युअल्टी’ म्हणतात. पाटीवर असा शब्द लिहून त्याखालून आपण रोग्याला आत नेतो, ही मोठी मौज आहे. अमेरिकेत हिला पूर्वी ‘अपघाताची खोली’ आणि नंतर ‘तातडीची खोली’, म्हणजे ‘इमर्जन्सी रूम’, म्हणू लागले. खोली म्हटले ते खरेच होते, कारण बहुतेक ठिकाणी ती खोलीच होती. तळमजल्यावर, मागच्या दाराशी. तिच्यासाठी निराळे असे डॉक्टर नसत. शिकाऊ डॉक्टरांची किंवा गावातल्या डॉक्टरांची आळीपाळीने नेमणूक होई, आणि ज्याची पाळी येई तो नेत्रवैद्य आहे की त्वचारोगांचा जाणकार, हे नशिबावर असे. १९६१ साली व्हर्जिनिया राज्यातील अलेक्झांड्रिया येथे जेम्स मिल्स आणि त्यांचे तीन सहकारी या चौघा डॉक्टरांनी आपला खाजगी व्यवसाय सोडून केवळ याच कामाला वाहून घेतले, तेव्हा ती बातमी झाली. डॉक्टर पाळीने येत-जात. परिचारिका मात्र तिथेच राहत असे. त्या खोलीचे सारे ज्ञान तिच्यापाशी साठत होते आणि ते कुठेही लिहिलेले नव्हते.

१९६६ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने अपघाती मृत्यूंविषयी एक अहवाल प्रसिद्ध केला. अपघात हा आधुनिक समाजाचा दुर्लक्षित रोग आहे, असे त्याचे शीर्षकच सांगत होते. १९६५ या एका वर्षात त्या देशात अपघातांनी १,०७,००० माणसे मेली, त्यांपैकी ४९,००० मोटारींच्या अपघातात. देशातील सुमारे निम्मी रुग्णवाहिका-सेवा अंत्यसंस्काराचा धंदा करणाऱ्यांच्या हाती असल्याचेही त्यात नोंदले आहे. कारण साधे होते. माणसाला आडवे निजवून नेता येईल अशी लांब गाडी गावात त्यांच्याकडेच असे. रोगी वाटेत वाचला तर इस्पितळात, नाही तर गाडी आहेच! ज्या देशाने चंद्रावर जाण्याचा संकल्प सोडला होता, त्या देशातील ही व्यवस्था आहे, हे ध्यानात घ्यावे.

याच सुमारास विद्या मात्र पुढे गेली होती. १९६० साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स संस्थेतील कौवेनहोव्हेन, ज्यूड आणि निकरबॉकर या तिघांनी असे दाखवून दिले, की छाती न फोडता, केवळ बाहेरून दाबून, थांबलेल्या हृदयाचे काम काही काळ चालवता येते. म्हणजे मेलेला माणूस काही मिनिटे तरी मेलेला नसतो. हे एकदा कळल्यावर मिनिटांना किंमत आली. आणि मिनिटे जात होती कपाटे उघडण्यात. नळी या कपाटात, औषध त्या कपाटात, विजेचा धक्का देण्याचे यंत्र दुसऱ्या मजल्यावर!

आता आपण न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिम टोकाला, बफेलो शहरी जाऊ. ईरी सरोवराच्या काठचे, पोलादाच्या कारखान्यांचे आणि अतोनात बर्फ पडणारे हे गाव. तेथील ई. जे. मायर मेमोरियल या सार्वजनिक इस्पितळात तातडीच्या विभागाची देखरेख अनिता डॉर ही परिचारिका करीत असे. कपाटांच्या या शोधाशोधीने ती त्रासली होती. १९६७ च्या सुमारास तिने सहकारी परिचारिकांना बरोबर घेऊन एक यादी केली: रोगी मरणाच्या दारात असताना काय काय लागते? यादी पुष्कळजण करतात. डॉरबाईची हुशारी यादीच्या क्रमात होती. तिने औषधांची वर्णानुक्रमे मांडणी केली नाही, की भांडारातल्या क्रमांकांचीही केली नाही. तिने माणसाच्या देहाचा क्रम घेतला. डोक्यापासून पायांपर्यंत ज्या ओळीने रोग्याकडे पाहायचे, त्याच ओळीने सामान. मग पतीच्या मदतीने घरीच एक लाकडी गाडा तयार झाला. त्याला चाके लावली, तांबडा रंग दिला, आणि तो इस्पितळात आणला. सामानाकडे धावण्याऐवजी सामानच रोग्याकडे धावू लागले.

पहिला गाडा कोणाचा, यावर वाद आहे, आणि इतिहास सांगणाऱ्याने तो लपवू नये. कॅन्सस शहरातील बेथनी इस्पितळात १९६२ सालीच असा एक गाडा होता. फिलाडेल्फियाच्या जोएल नोबेल या डॉक्टरांनीही १९६५ च्या सुमारास एक केला आणि त्याला वृत्तपत्रांतून बरीच प्रसिद्धी मिळाली. एकाच अडचणीतून तीन गावी तीन गाडे निघाले, यात मला नवल वाटत नाही. अडचण खरी असली की असे होतेच. परंतु तिघांपैकी एकच गाडा रोज तो ढकलणारीने बांधला होता, एवढे मी नोंदवून ठेवतो.

गाडा झाला, पण गाड्याने भागत नाही. तो चालवणारीला काय यावे लागते, हे कोणी ठरवायचे? शेजारच्या इस्पितळातली परिचारिका हीच अडचण निराळ्या रीतीने सोडवते आहे का, हे डॉरबाईला कळण्याचा मार्ग नव्हता. शस्त्रक्रियागृहातल्या परिचारिकांची स्वतःची संघटना होती. या खोलीतल्या बायकांची नव्हती. डॉक्टरांनी १९६८ साली मिशिगन राज्यातल्या लॅन्सिंगमध्ये आपली संघटना काढली. तेव्हा १९७० साली डॉरबाईने पूर्वेकडे ‘इमर्जन्सी रूम नर्सेस ऑर्गनायझेशन’ उभी केली. आणि गंमत अशी, की त्याच काळात साडेतीन हजार किलोमीटरवर, कॅलिफोर्नियात, ज्युडिथ केलेहर ही दुसरी परिचारिका ‘इमर्जन्सी डिपार्टमेंट नर्सेस असोसिएशन’ काढत होती. या कामासाठी निराळे शिक्षण हवे आणि ते परिचारिकांनीच परिचारिकांना दिले पाहिजे, हा तिचा ध्यास होता. दोघींनी आपापली चूल स्वतंत्रपणे मांडली होती.

आपल्याकडे अशा वेळी पुढे काय होते हे सांगावयास नको! दोन मंडळे, दोन अध्यक्ष, दोन वार्षिक अधिवेशने आणि तिसरे मंडळ समेट करण्यासाठी. इथे तसे झाले नाही. १ डिसेंबर १९७० रोजी दोन्ही संघटना एक झाल्या, आणि नाव ठेवले केलेहरबाईंचे. ‘खोली’ गेली, ‘विभाग’ आला. हा बदल किरकोळ वाटेल. पण खोली ही इमारतीची बाब आहे, विभाग ही कारभाराची. विभागाला प्रमुख असतो, अंदाजपत्रक असते, नियम असतात. त्या बायकांनी नावातूनच आपली जागा मागितली. डॉरबाई १९७२ साली वारली. जे लावले त्याचा वृक्ष तिने पाहिला नाही.

पुढचा पंधरा वर्षांचा काळ शिक्षणाचा आहे. संघटनेची रचना खालपासून वर आहे: गावोगावच्या शाखा, त्यांवर राज्याची परिषद, त्यावर राष्ट्रीय मंडळ. खरे काम शाखांत चालते. सभा भरते, एखादी सभासद आपल्याकडे आलेला अवघड रोगी मांडते, काय चुकले ते उघडपणे बोलले जाते. १९७५ साली संघटनेचे स्वतःचे नियतकालिक निघाले, तेव्हा कपाटांतले आणि मनातले ज्ञान प्रथमच छापले जाऊ लागले. १९८० साली तातडीच्या शुश्रूषेची स्वतंत्र परीक्षा सुरू झाली. १९८६ साली गंभीर जखमींच्या शुश्रूषेचा अभ्यासक्रम आला आणि तो पुढे अनेक देशांत गेला.

रोग्यांची निवड करण्याची विद्याही याच काळात रुजली. नेपोलियनच्या सैन्यातील शस्त्रवैद्य लारे याने हुद्दा न पाहता जखम पाहून उपचाराचा क्रम लावला, आणि फ्रेंचांच्या ‘निवडणे’ या साध्या क्रियापदापासून ‘ट्रायाज’ हा शब्द झाला. १९६० च्या दशकाच्या मध्यास येल विद्यापीठाच्या इस्पितळात वाइनरमन यांनी हे तंत्र नागरी रोग्यांसाठी वापरले. १९९० च्या दशकाच्या अखेरीस वर्त्झ आणि आयटेल या दोघा डॉक्टरांनी पाच पायऱ्यांची एक कसोटी तयार केली. आज तिचा सांभाळ ही परिचारिकांची संघटनाच करते. माझ्या मते हे योग्यच झाले, कारण ती कसोटी दारात उभी राहून वापरते कोण?

१९८५ साली नाव पुन्हा बदलले. आता विभागही गेला आणि उरले केवळ ‘इमर्जन्सी नर्सेस असोसिएशन’. कारण असे दिले गेले, की ही शुश्रूषा जागेवरून ओळखायची नसून कामावरून ओळखायची आहे. ती रुग्णवाहिकेत होते, हेलिकॉप्टरमध्ये होते, कारखान्यात होते. खोली, मग विभाग, मग नुसते काम: पंधरा वर्षांत जागा संपूर्ण गळून पडली.

या तत्त्वाचे उदाहरण मला अमेरिकेत शोधावे लागत नाही. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईच्या कामा रुग्णालयात दहशतवादी शिरले, तेव्हा अंजली कुलथे या परिचारिका प्रसूतिपूर्व कक्षात कामावर होत्या. त्यांच्या हवाली वीस गर्भवती स्त्रिया होत्या. त्यांनी कक्षाची दारे लावली, त्या वीसजणींना आडोशाच्या लहान खोलीत हलवले, जखमी सहकारिणीला उपचारासाठी पोचवले, आणि त्याच गोंधळात एकीला कळा सुरू झाल्या तेव्हा तिला जिन्याने प्रसूतिगृहापर्यंत नेले. वीसही जणी वाचल्या. पुढे त्यांनी न्यायालयात कसाबला ओळखले, तेही गणवेश घालून. कॅज्युअल्टीची पाटी तिथे कुठेच नव्हती.

पुन्हा संघटनेकडे येऊ. १९८० च्या दशकाच्या आरंभी मॅसॅच्युसेट्स राज्यातील काही परिचारिकांना असे वाटू लागले, की दारू पिऊन मोटार हाकणाऱ्या तरुणांची प्रेते रात्री पाहण्यापेक्षा दिवसा शाळेत जाऊन त्यांच्याशी बोलावे. रात्रपाळी करून त्या शाळांत गेल्या आणि जे पाहिले ते मुलांना सांगितले. ही चळवळ इतर राज्यांत पसरली आणि अखेर संघटनेत सामील झाली.

दुसरे काम अप्रिय आहे. जिथे भय, वेदना आणि वाट पाहणे एकत्र येते, तिथे हात उगारला जातो. आणि तो समोर असणाऱ्यावर, म्हणजे परिचारिकेवर, पडतो. ‘हे नोकरीचाच भाग आहे’ असे त्यांना वर्षानुवर्षे सांगितले जाई. संघटनेने अशा हल्ल्यांची मोजणी केली आणि राज्याराज्यांतून कायद्यांची मागणी केली. २०१० साली न्यूयॉर्क राज्याने कामावरील परिचारिकेवरचा हल्ला हा गंभीर गुन्हा ठरवला. त्याच वर्षी महाराष्ट्रानेही वैद्यकीय सेवेतील व्यक्तींवरील हिंसेविरुद्ध कायदा केला. दोन्हीकडे कायदा झाला म्हणून हात उगारणे थांबले, असे मात्र मी म्हणणार नाही.

आता एक हिशेब. तातडीचे वैद्यक ही स्वतंत्र शाखा म्हणून अमेरिकेतील डॉक्टरांना १९७९ साली मान्यता मिळाली. परिचारिकांच्या राष्ट्रीय संघटनेने तातडीच्या शुश्रूषेला तशी मान्यता दिली २०११ साली. मध्ये बत्तीस वर्षे गेली. परीक्षा होती, नियतकालिक होते, हजारो सभासद होत्या; मान्यता नव्हती. खोलीत सर्वांत आधी असणारीला कागदावर सर्वांत शेवटी जागा मिळाली.

आपल्याकडे परिचारिकांची अखिल भारतीय संघटना १९०८ सालची आहे, म्हणजे वयाने पुष्कळ ज्येष्ठ. तातडीच्या वैद्यकाला स्वतंत्र शाखेची मान्यता २००९ साली मिळाली, आणि महाराष्ट्रात १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिका २०१४ पासून धावू लागल्या. तातडीच्या व आपत्तीतील शुश्रूषेचा पदविका अभ्यासक्रमही आहे. पण तो पूर्ण केलेली सिस्टर पुढच्या बदलीत डोळ्यांच्या कक्षात जाणार नाही, याची हमी देणारी व्यवस्था अजून घडायची आहे.

डॉरबाईचा गाडा मात्र इथे केव्हाच पोचला आहे. लाकडाचा पत्र्याचा झाला. तांबडा रंग बहुतेक ठिकाणी टिकला. पाळी बदलताना जाणारी आणि येणारी अशा दोघी त्याच्यापाशी उभ्या राहतात, खण उघडून औषधांच्या तारखा पाहतात, दिव्याची बॅटरी लागते का ते बघतात, आणि नोंदवहीत सही करून तो पुन्हा भिंतीशी लावून ठेवतात.