बेवारस खेकडा-पिंजरे

किनाऱ्यालगतच्या पाण्यात हरवलेले किंवा मालकाने टाकून दिलेले, तरीही जीव पकडत राहणारे खेकड्यांचे पिंजरे. अमेरिकेत मेक्सिकोचे आखात आणि चेसापीक उपसागर येथे निळ्या खेकड्याच्या मासेमारीत हा प्रश्न फार मोठा आहे.

हा पिंजरा तारजाळीचा, चौकोनी, सुमारे दोन फूट लांबी-रुंदीचा असतो. आमिषाच्या वासाने खेकडा निमुळत्या तोंडातून आत शिरतो; परतीची वाट त्याला सापडत नाही. वर तरंगणाऱ्या बोयाचा दोर बोटीच्या पंख्याने तुटला, वादळाने पिंजरा ओढून नेला किंवा धंदा सोडलेल्या मालकाने तो उचललाच नाही, की तो बेवारस होतो. आत मेलेला जीव पुढच्याचे आमिष ठरतो. जाळीवर प्लास्टिकचा लेप असल्याने ती लवकर गंजत नाही. खेकड्यांबरोबर मासेही अडकतात. सर्वांत वाईट गत होते ती डायमंडबॅक टेरापिन या कासवाची : ते फुप्फुसांनी श्वास घेते, त्यामुळे पाण्याखालच्या पिंजऱ्यात गुदमरून मरते.

पिंजरे उचलण्यात खरी अडचण मालकीची होती. टेक्सस राज्यात पिंजऱ्याला हात लावण्याचा अधिकार फक्त मालकाला आणि वन्यजीवरक्षकाला होता. २००१ मध्ये तेथील विधिमंडळाने यावर साधा, पण अत्यंत प्रभावी तोडगा काढला. दरवर्षी फेब्रुवारीत दहा दिवस पिंजऱ्यांची मासेमारी बंद राहते. या काळात पाण्यात उरलेला प्रत्येक पिंजरा टाकून दिलेला मानला जातो आणि कोणीही नागरिक तो उचलू शकतो. २००२ पासून स्वयंसेवकांनी आपापल्या बोटींतून असे ४० हजारांहून अधिक पिंजरे बाहेर काढले आहेत. लुइझियाना राज्यातही २००४ पासून अशी मोहीम चालते.

व्हर्जिनियाने वेगळा मार्ग धरला. खेकड्यांची संख्या घटल्याने २००८ मध्ये तेथे हिवाळी मासेमारी बंद झाली. रोजगार बुडालेल्या मच्छीमारांनाच मजुरी देऊन या कामावर घेतले गेले. तळाची प्रतिमा दाखवणाऱ्या सोनार यंत्राच्या मदतीने त्यांनी सहा हिवाळ्यांत सुमारे ३४ हजार पिंजरे काढले. यामुळे खेकड्यांच्या उत्पन्नात सुमारे २.१ कोटी डॉलरची भर पडली, असा अंदाज २०१६ च्या एका अभ्यासात मांडला गेला. पाण्याचा तळ ओळखणाऱ्या माणसांच्या हाती काम सोपवणारा हा मार्ग अधिक न्याय्य म्हणावा लागेल.

प्रतिबंध मात्र स्वस्त आहे. टेक्ससमध्ये पिंजऱ्याची एक बाजू किंवा झाकण ज्यूट, सिसल अथवा लेप नसलेल्या बारीक पोलादी तारेने बांधणे सक्तीचे आहे. पिंजरा हरवला तरी ती बांधणी कुजते किंवा गंजते, झाकण सुटते आणि आतल्या जीवांना वाट मिळते. बंदीचा काळ सोडून इतर दिवशी पिंजरा बेवारस वाटला, तरी नागरिकाने तो स्वतः उचलू नये. ठिकाण नोंदवून वन्यजीवरक्षकाला कळवावे.