मशेरी: घरच्या तव्यावरची तंबाखू

तंबाखूची पाने तव्यावर काळी पडेपर्यंत भाजून, कुस्करून केलेली बारीक पूड म्हणजे मशेरी. पुणे भागात तिला मिश्रीही म्हणतात. ती बोटाने दातांना आणि हिरड्यांना चोळायची, थोडा वेळ तोंडात धरायची आणि थुंकायची. महाराष्ट्रातल्या तंबाखूविषयी बोलताना विडी, गुटखा आणि चुना लावून मळलेली तंबाखू यांचीच नावे आधी येतात. गरीब घरांतल्या बायकांपर्यंत आणि लहान मुलींपर्यंत मात्र तंबाखू पोचली ती प्रामुख्याने मशेरीच्या रूपाने, दात घासण्याची वस्तू म्हणून.

तंबाखू हिंदुस्थानात आणली पोर्तुगिजांनी. त्यांच्या किनाऱ्यावरच्या ठाण्यांतून ती दख्खनेत शिरली. अकबराचा वकील असद बेग विजापूरच्या आदिलशाही दरबाराहून परतला तेव्हा, म्हणजे १६०४-०५ च्या सुमारास, त्याने बादशहापुढे तंबाखू आणि ती ओढण्याची रत्नजडित नळी ठेवली. हे औषध आपल्या ग्रंथांत नाही, अशी हरकत दरबारी हकिमाने घेतली, तरी सरदारांमध्ये ती पाहता पाहता पसरली. १६१७ मध्ये जहांगीराने घातलेली बंदीही टिकली नाही.

ओढण्यासाठी नळी लागते, विस्तव लागतो, उसंत लागते. तोंडात धरण्यासाठी यातले काहीच लागत नाही. विड्याचे पान, सुपारी, चुना आणि कात घरोघर होतेच. त्यांच्या शेजारी तंबाखूला सहज जागा मिळाली. दातांचेही तसेच झाले. राखुंडी, कोळशाची पूड, मीठ यांनी दात घासण्याची रीत जुनी होती. दातवण लावून दात काळे करण्याची चाल बायकांमध्ये होती. तंबाखूची काळी पूड या रांगेत बसली तेव्हा ती कोणाला परकी वाटली नाही.

मशेरी करायला घरातल्या भाकरीच्या तव्यापलीकडे कोणतेही साधन लागत नाही. वाण्याकडून आणलेली तंबाखू मंद आचेवर परतायची. खमंग वासाचा टप्पा ओलांडला की धूर उठतो, घशात ठसका बसतो आणि शेजारच्या दोन घरांना कळते की मशेरी भाजली जाते आहे. पाने कोळशासारखी काळी आणि ठिसूळ झाली की तवा उतरवायचा, हाताने चुरायचे आणि पूड डबीत भरायची. सकाळी उंबऱ्यावर किंवा मोरीपाशी बसून पहिली चिमूट लागते. पुढे दात घासण्याचा हेतू मागे पडतो आणि जेवणानंतर, दुपारी, झोपण्यापूर्वी अशा फेऱ्या वाढतात. मशेरी लावल्याशिवाय पोट साफ होत नाही, डोके चालत नाही, ही तक्रार म्हणजे निकोटिनची तलफच असते.

या सवयीची सुरुवात अनेकदा दातदुखीपासून झाली. गावात दातांचा डॉक्टर नव्हता आणि तालुक्याला जायचे तर दिवसाची मजुरी बुडत होती. अशा वेळी आई किंवा आजी मुलीच्या किडक्या दाताला चिमूटभर मशेरी लावायला सांगे. दुखणे तेवढ्यापुरते दबते. कीड आत वाढत राहते आणि तंबाखू तोंडात कायमची राहते. शेतमजुरीवर किंवा वीटभट्टीवर राबणाऱ्या बाईला तिचा आणखी एक उपयोग कळला होता: तंबाखूने भूक मरते. अर्धपोटी शरीराला हा सर्वांत घातक सौदा होता. बाईने चारचौघांत विडी ओढली असती तर गाव बोलले असते. मशेरीकडे मात्र कोणी बोट दाखवले नाही, कारण व्यसनांच्या यादीत ती कधी धरलीच गेली नाही.

कोकणातून आणि घाटावरून गिरणगावात आलेल्या कुटुंबांबरोबर मशेरी मुंबईच्या चाळींत आली. १९९१ ते १९९४ या काळात मुंबईत ३५ वर्षे व त्यावरील ९९,५९८ माणसांची घरोघर जाऊन पाहणी झाली. त्यात ५७.५ टक्के बायका धूरविरहित तंबाखू वापरताना आढळल्या आणि त्यात मशेरीचाच वाटा मोठा होता. धूम्रपान करणाऱ्या बायका अर्धा टक्काही नव्हत्या.

वैद्यकशास्त्राची नजर या पुडीवर उशिरा, पण नेमकी पडली. महाराष्ट्रातल्या १,०१,७६१ ग्रामस्थांची तोंडे तपासून केलेला मुखकर्करोगाचा अभ्यास फली मेहता आणि सहकाऱ्यांनी १९७२ मध्ये प्रसिद्ध केला. पुढे प्रयोगशाळांत दिसून आले की भाजण्याने तंबाखू सौम्य होत नाही; उलट जळताना बेंझोपायरीनसारखी कर्करोगकारक द्रव्ये तिच्यात वाढतात. २००४ मध्ये मुंबईतल्या १,२१७ गरोदर बायकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. धूरविरहित तंबाखू, त्यातही बहुतेक मशेरी, वापरणाऱ्या मातांची बाळे सरासरी १०५ ग्रॅम हलकी होती आणि मुदतीपूर्वी होणाऱ्या बाळंतपणांचे प्रमाणही त्यांच्यात जास्त होते.

कायद्याने १९९२ मध्ये टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालण्यास मनाई केली. २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्याच्या परिशिष्टात तंबाखूयुक्त दंतमंजनाचा उल्लेख आहे. त्याच कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांना तंबाखू विकणे आणि शाळा-कॉलेजांपासून शंभर यार्डांच्या आत तिचे दुकान मांडणे बेकायदा ठरवले. २०१२ च्या जुलैत महाराष्ट्राने गुटख्यावर बंदी घातली. हे सगळे आवश्यकच होते, पण त्याची पकड दुकान, कारखाना आणि पाकीट यांच्यावर बसते. घरात भाजलेल्या मशेरीला पाकीट नसते, त्यामुळे धोक्याचे चित्र छापायला जागाच नसते. आणि ती मुलीच्या हातावर ठेवणारा दुकानदार नसून घरातलेच माणूस असते.

तंबाखूवरच्या राष्ट्रीय पाहणीनुसार महाराष्ट्रात धूरविरहित तंबाखूचा वापर २००९-१० मध्ये २७.६ टक्के होता, तो २०१६-१७ मध्ये २४.४ टक्क्यांवर आला. या पाहणीत दातांना-हिरड्यांना लावायच्या तंबाखूची, म्हणजे मशेरी, गुल आणि गुडाखूची, नोंद खाण्याच्या तंबाखूपासून वेगळी होते. ‘तंबाखू खाता का?’ या प्रश्नाला मशेरी लावणारी बाई प्रामाणिकपणे नाही म्हणते. प्रसूतिगृहात आणि आरोग्य केंद्रात म्हणूनच तिला ‘मशेरी लावता का?’ असे थेट विचारावे लागते.