जनित्राची मर्यादा भट्टीत ठरली

१८९१ साली जर्मनीतल्या लाउफेन या गावी नेकार नदीच्या पाण्यावर चालणाऱ्या एका यंत्राची वीज १७५ किलोमीटर दूरच्या फ्रँकफुर्टला, तिथल्या विद्युत प्रदर्शनात पोचली. ते यंत्र चार्ल्स ब्राउन या अभियंत्याने स्वित्झर्लंडमधल्या ओर्लिकॉनच्या कारखान्यासाठी आखले होते आणि त्याची ताकद होती सुमारे ३०० अश्वशक्ती. मधे फिरते विद्युतचुंबक, भोवती तांब्याची स्थिर वेटोळी, आणि त्या वेटोळ्यांतून निघणारी तीन फेजची वीज, अशी त्याची रचना होती. आज चीनमधल्या ताइशान अणुवीज केंद्रात एकेक जनित्र १,७५० मेगावॉटचे आहे, म्हणजे लाउफेनच्या सात-आठ हजार पट. तरीही फिरते चुंबक, स्थिर वेटोळी आणि तीन फेज हा सांगाडा तसाच्या तसा आहे. मूळ कल्पना सव्वाशे वर्षांत बदलली नाही, मग यंत्र इतके वाढले कसे? विजेचा इतिहास आपण शोधांच्या क्रमाने वाचतो: फॅरेडे, टेस्ला, स्टाइनमेट्झ. पण अशा सिंक्रोनस, म्हणजे ग्रिडच्या ठेक्यातच फिरणाऱ्या, जनित्राचा इतिहास नीट तपासला, तर त्याची वाढ प्रयोगशाळेतल्या शोधांमुळे कमी आणि पोलाद घडवणारे, अभ्रक चिकटवणारे व यंत्रातली उष्णता बाहेर काढणारे कारखाने यांच्यामुळे अधिक झाली, असे दिसते.

हे समजण्यासाठी जनित्राचा साधा हिशेब पाहावा लागतो. त्याची क्षमता पाच गोष्टींवर ठरते: रोटरचा, म्हणजे फिरत्या भागाचा, व्यास, त्याची लांबी, फिरण्याचा वेग, लोखंडातले चुंबकीय क्षेत्र आणि वेटोळ्यांतला विद्युतप्रवाह. वाफेच्या टर्बाइनला जोडलेले दोन ध्रुवांचे जनित्र ५० हर्ट्झच्या ग्रिडवर मिनिटाला ३,००० फेऱ्यांनीच फिरले पाहिजे. त्यामुळे वेग वाढवण्याचा प्रश्नच उरत नाही. लोखंड एका मर्यादेपलीकडे चुंबकीय क्षेत्र सामावून घेत नाही, ते संपृक्त होते. लांबी फार वाढवली, तर शाफ्ट वाकतो आणि थरथरतो. राहिला व्यास. भारतातल्या ५०० मेगावॉटच्या जनित्रात रोटरचा व्यास सुमारे १.१५ मीटरच असतो. पण ३,००० फेऱ्यांना त्याचा पृष्ठभाग ताशी साडेसहाशे किलोमीटरच्या वेगाने धावतो आणि तिथल्या एक किलो तांब्यावर बाहेरच्या दिशेने साडेपाच टनांहून अधिक वजनाइतकी ओढ बसते. व्यास आणखी थोडा वाढवला, की पोलाद हात टेकते. खोपोली किंवा पोफळीची पाण्यावर चालणारी जनित्रे सावकाश फिरतात, म्हणून त्यांचा घेर ऐसपैस ठेवता येतो. वाफेच्या जनित्राला ती मोकळीक नाही. म्हणजे विसाव्या शतकात ते वाढवण्याचे दोनच मार्ग खुले होते: अधिक बळकट पोलाद घडवणे, आणि त्याच तांब्यातून अधिक प्रवाह नेऊन तयार होणारी उष्णता बाहेर काढणे.

पहिल्या मार्गाची सुरुवात चार्ल्स पार्सन्सपासून झाली. १८८४ साली त्याने वाफेच्या टर्बाइनवर चालणारे पहिले जनित्र बनवले. ते जेमतेम ७.५ किलोवॉटचे होते, पण मिनिटाला १८,००० फेऱ्या घेत असे. १९०० साली त्याच्याच कारखान्याची १,००० किलोवॉटची दोन यंत्रे जर्मनीतल्या एल्बरफेल्डला गेली. त्या काळच्या रोटरवर चुंबकाचे ध्रुव बाहेर उठून असत आणि वेग वाढला की ते निखळण्याची धास्ती असे. यावरचा उपाय पुन्हा ब्राउननेच काढला. १९०१ च्या सुमारास त्याने उठावाचे ध्रुव काढून टाकले आणि एकसंध पोलादी दंडगोलात लांबट खाचा पाडून तांबे त्यांत बसवले. खाचांच्या तोंडाशी धातूच्या पाचरी ठोकल्या आणि दोन्ही टोकांना बाहेर आलेली वेटोळी जाड कड्यांनी आवळली. आजही वाफेच्या टर्बाइनला जोडलेले प्रत्येक मोठे जनित्र याच पद्धतीने बांधले जाते. या रचनेत विजेचे नवे तत्त्व काहीच नव्हते. अपकेंद्री ओढीला तांबे कसे पुरून उरेल, एवढाच तिच्यामागचा विचार होता. पण त्यामुळे यंत्राचे सगळे भवितव्य त्या एका दंडगोलावर, म्हणजे तो घडवणाऱ्या भट्टीवर आणि प्रेसवर येऊन पडले.

ते ओझे किती जड होते हे १९५० च्या दशकात कळले. १९५४ मध्ये अमेरिकेत ॲरिझोना आणि पेनसिल्व्हेनियातल्या क्रॉम्बी इथल्या जनित्रांचे रोटर फुटले, आणि त्याच वर्षाअखेरीस शिकागोजवळच्या रिजलँड केंद्रात टर्बाइनचा रोटर फुटला. तपासात दोष आढळला तो धातूत. वितळलेले पोलाद हवेतला ओलावा शोषते आणि त्यातला हायड्रोजन थंड होताना पोलादात अडकून केसासारख्या बारीक भेगा पाडतो. लहान घडाईत तो हळूहळू निघून जातो, पण शेकडो टनांच्या ओतीव ठोकळ्याच्या गाभ्यातून त्याला वाट मिळत नाही. याच काळात जर्मनीतल्या बोखुमच्या पोलाद कारखान्याने निर्वात पोकळीत पोलाद ओतण्याची पद्धत विकसित केली होती. पोकळीतून पडताना पोलादातला वायू बाहेर खेचला जातो. अमेरिकेतल्या अपघातांनंतर ही पद्धत जगभर घेतली गेली आणि मोठ्या रोटरचा रस्ता पुन्हा मोकळा झाला. आजही रोटरच्या घडाईची ध्वनिलहरींनी इंच न् इंच तपासणी होते आणि तयार रोटर जाड भिंतींच्या निर्वात बोगद्यात नेहमीपेक्षा वीस टक्के अधिक वेगाने फिरवून मगच कारखान्याबाहेर पडतो.

दुसऱ्या मार्गावरचा पहिला अडसर होता विद्युतरोधक आवरणाचा. स्टेटरच्या, म्हणजे स्थिर भागाच्या, तांब्यात हजारो व्होल्टचा दाब असतो आणि ते लोखंडाच्या खाचेत अगदी चिकटून बसवलेले असते. मधे आवरण हवे, पण तापल्यावर कागद आणि कापूस कोळपतात. उष्णता आणि दाब दोन्ही सोसणारा पदार्थ निसर्गात एकच होता, तो म्हणजे अभ्रक. जगाला अभ्रकाचे पत्रे पुरवणारा सर्वांत मोठा प्रदेश कोडरमा, गिरिडीह आणि हजारीबागचा, म्हणजे आजच्या झारखंडचा. तिथे बायका आणि मुले हातातल्या सुरीने अभ्रकाचे पापुद्रे सुटे करत. ते परदेशी जात, कागदावर लाखेने चिकटवले जात आणि तांब्याभोवती गुंडाळले जात. ती लाखही बहुतांशी भारतातलीच, छोटा नागपूरच्या जंगलांतली. युरोप-अमेरिकेच्या जनित्रांच्या पोटात असा भारताच्या खाणी-जंगलांचा माल भरलेला होता. ज्या हातांनी तो तयार केला, त्यांच्या घरी त्या जनित्रांची वीज पोचायला पुढे अनेक दशके गेली. नंतर लाखेच्या जागी डांबरासारखा बिटुमेन आला. मात्र यंत्रे लांब झाली तसे तापून ताणलेले तांबे आपल्यासोबत हे मऊ आवरण ओढू लागले आणि खाचेच्या तोंडाशी ते फाटू लागले. १९५० च्या आसपास वेस्टिंगहाउसने कृत्रिम रेझिनने बांधलेले लवचीक आवरण आणले, तेव्हा कुठे ही अडचण सुटली. त्यातही अभ्रक होतेच, आणि ते आजही आहे.

दुसरा अडसर उष्णतेचा. मोठ्या तांब्याच्या दांड्यात प्रवाह सारखा वाहत नाही. खाचेतल्या चुंबकीय क्षेत्रामुळे त्यात भोवरे उठतात आणि ते दांडा तापवतात. १९१२ साली ब्राउन बोवेरी कंपनीतल्या लुडविग रोबेल याने दांडा सलग न ठेवता तांब्याच्या अनेक पातळ पट्ट्यांचा केला आणि त्या वेणीसारख्या अशा गुंफल्या, की प्रत्येक पट्टी खाचेतल्या प्रत्येक जागेवरून जाते. त्यामुळे सर्व पट्ट्यांवर सारखा परिणाम होतो आणि भोवरे आटोक्यात राहतात. तरीही यंत्रात खेळवलेली हवा एका मर्यादेपुढे पुरेना, कारण पंख्याने जोरात ढकललेली हवा रोटरला घासून स्वतःच उष्णता निर्माण करते. १९३७ साली अमेरिकेतल्या डेटनमध्ये हवेऐवजी हायड्रोजन भरलेले पहिले टर्बाइन-जनित्र सुरू झाले. हायड्रोजन हवेच्या चौदाव्या हिश्शाइतका हलका असल्याने घर्षण नगण्य होते, आणि तो हवेच्या सुमारे सातपट सहजतेने उष्णता वाहतो. हवेत मिसळला तर तो स्फोट करतो, म्हणून त्याची शुद्धता सतत राखावी लागते आणि शाफ्ट बाहेर येतो तिथे तेलाचा पडदा धरून त्याला आत कोंडावे लागते. पोलादातला हायड्रोजन रोटर फोडत होता आणि यंत्रात खेळवलेला हायड्रोजन त्याला वाढवत होता. १९५६ मध्ये इंग्लंडच्या बोल्ड केंद्रात मेट्रोपोलिटन-विकर्सने ३० मेगावॉटच्या जनित्रात स्टेटरच्या पोकळ तांब्यातून थेट शुद्ध पाणी फिरवले. क्षार काढून टाकलेले पाणी विजेला फारसे वाहू देत नाही. म्हणून हजारो व्होल्टचा दाब असलेल्या दांड्याला टेफ्लॉनच्या नळ्या जोडून त्यातून पाणी नेता येते. ५०० मेगावॉटच्या यंत्रात २१ हजार व्होल्टला सुमारे १६ हजार अँपिअर प्रवाह वाहतो, तो याच पाण्याच्या भरवशावर.

यावर एक आक्षेप घेता येईल, की यात सिद्धांताला फारच कमी श्रेय दिले आहे. स्टाइनमेट्झने लोखंडातली चुंबकीय हानी सूत्रात बांधली, ब्लोंडेलने १८९९ मध्ये जनित्राच्या आतल्या प्रतिक्रियेची दोन अक्षांत विभागणी केली आणि १९२९ मध्ये रॉबर्ट पार्कने त्यावर आजही वापरली जाणारी समीकरणे रचली. हे काम थोर आहे, याबद्दल दुमत नाही. ग्रिडला धक्का बसल्यावर यंत्र तोल सांभाळेल की नाही, हे पार्कशिवाय सांगता आले नसते. पण मर्यादा कुठे आहे हे सांगणे वेगळे आणि ती मर्यादा पुढे ढकलणे वेगळे. पार्कच्या समीकरणाने रोटरचा व्यास एक सेंटिमीटरनेही वाढला नाही. अलीकडचे उदाहरण अतिसंवाहक, म्हणजे अतिशीत तारेतून जवळपास रोधाविना प्रवाह नेणाऱ्या, जनित्राचे आहे. जपानने १९९० च्या दशकात ७० मेगावॉट वर्गाची यंत्रे बांधून चालवून दाखवली. सिद्धांत पूर्ण होता, यंत्र चालले, तरी वीज केंद्रांतून ते पसरले नाही. अतिशीत तार आणि तिच्याभोवतीची शीतयंत्रणा वर्षानुवर्षे बिनबोभाट आणि परवडेल अशा खर्चात चालवता आली नाही.

दुसरा आक्षेप अर्थशास्त्राचा आहे: यंत्रे मागणीमुळे वाढली, सॅम्युएल इन्सलसारख्या उद्योजकांना स्वस्त वीज हवी होती म्हणून वाढली. मागणीने ओढले हे खरे, पण ओढ पुरेशी नव्हती. शिकागोजवळच्या स्टेट लाइन केंद्रात १९२९ साली २०८ मेगावॉटचा संच बसला, तेव्हा पैसा होता, इच्छा होती आणि बाजारही होता. तरी ती क्षमता एका शाफ्टवर मिळवता आली नाही. एकाच संचाची वाफ तीन वेगळ्या शाफ्टवर वाटून तीन जनित्रे फिरवावी लागली. जगातला सर्वांत मोठा संच हा त्याचा मान सुमारे पाव शतक टिकला. त्या पाव शतकात मागणी अनेक पटींनी वाढली. विक्रम मोडला तो हायड्रोजन आणि चांगले पोलाद हाताशी आल्यावर.

भारताचा अनुभव हेच सांगतो. स्वातंत्र्यानंतर जनित्रांचा उद्योग उभारताना आपण ब्रिटिश सहकार्याने भोपाळचा आणि सोव्हिएत सहकार्याने हरिद्वारचा कारखाना उभा केला, पुढे जर्मनीच्या क्राफ्टवेर्क युनियनकडून मोठ्या यंत्रांचे तंत्र घेतले. तांबे गुंफणे, आवरण चढवणे, स्टेटरचे पत्रे रचणे हे सारे आपल्या कामगारांनी आत्मसात केले आणि उत्तम केले. देशातला पहिला ५०० मेगावॉटचा संच १९८४ मध्ये मुंबईत ट्रॉम्बेला सुरू झाला आणि पुढे चंद्रपुरातही त्या क्षमतेचे संच आले. पण आराखडे कराराने मिळाले तसे रोटरचे पोलाद मिळाले नाही. मोठ्या रोटरची घडाई दीर्घकाळ परदेशातून आणावी लागली. हरिद्वारला घडाईचा वेगळा कारखाना उभा राहिला, तरी सर्वांत मोठ्या ओतीव ठोकळ्यांसाठी जपानच्या मुरोरानसारख्या मोजक्याच ठिकाणांकडे जगाला पाहावे लागते. जे कागदावर देता येते ते लवकर आले आणि जे भट्टीपाशी पिढ्यान् पिढ्या उभे राहून मिळवावे लागते ते उशिरा आले.

सूर्य आणि वारा वाढत असताना हे यंत्र आता जुने झाले, असे म्हणणारेही आहेत. वस्तुस्थिती वेगळी आहे. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर वाहिनीमुळे दक्षिणेची ग्रिड उर्वरित देशाशी जोडली गेली आणि भारतातले प्रत्येक सिंक्रोनस जनित्र एकाच ठेक्यात फिरू लागले. कुठे संच बंद पडला, तर पहिले काही सेकंद ग्रिड सावरते ती या सगळ्या रोटरांच्या फिरत्या वजनाने. सौर पॅनेलला ते वजन नाही. म्हणूनच सौर व पवन ऊर्जेत आघाडीवर असलेल्या दक्षिण ऑस्ट्रेलियाने २०२१ मध्ये वीज न बनवणारी, फक्त फिरत राहून ग्रिड स्थिर ठेवणारी चार सिंक्रोनस यंत्रे नव्याने बसवली. तेव्हा रोटर घडवण्याची कला गरजेची आहे आणि राहणार आहे. आपल्याकडे ऊर्जेच्या चर्चेत पॅनेल, बॅटरी आणि सॉफ्टवेअर यांना जागा मिळते. जड घडाई, शुद्ध पोलाद आणि विद्युतरोधक साहित्य यांना ती क्वचितच मिळते, अभियांत्रिकीच्या अभ्यासक्रमातही नाही. सव्वाशे वर्षांचा पुरावा सांगतो, की मोठे जनित्र ज्याला स्वतःच्या बळावर बांधायचे आहे, त्याने आधी भट्टी, प्रेस आणि त्यांच्यापाशी काम करणारी माणसे यांच्यावर खर्च केला पाहिजे. आराखडा विकत मिळतो, हा अनुभव मिळत नाही.