श्रेया सिंघल वि. भारतीय संघराज्य

श्रेया सिंघल वि. भारतीय संघराज्य हा आंतरजालावरील अभिव्यक्तिस्वातंत्र्यासंबंधी भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने दिलेला एक महत्त्वाचा निकाल आहे. न्यायमूर्ती जे. चेलमेश्वर व न्यायमूर्ती रोहिंटन फली नरिमन यांच्या खंडपीठाने तो २४ मार्च २०१५ रोजी दिला. निकालपत्र न्या. नरिमन यांनी लिहिले. या निकालाने माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० मधील कलम ६६-अ संपूर्णपणे घटनाबाह्य ठरले. आंतरजालावरील मजकूर रोखण्याचा केंद्र सरकारचा अधिकार (कलम ६९-अ) वैध ठरला. फेसबुक, ट्विटर, गुगल यांसारख्या मध्यस्थांच्या दायित्वासंबंधीच्या कलम ७९ चा अर्थ न्यायालयाने मर्यादित केला. एखादे मत कोणाला न रुचणे आणि ते कायद्याने दंडनीय असणे या भिन्न गोष्टी आहेत, हे या निकालाचे मुख्य सूत्र आहे.

कलम ६६-अ

माहिती तंत्रज्ञान अधिनियमात हे कलम २००८ च्या दुरुस्तीने घालण्यात आले. डिसेंबर २००८ मध्ये संसदेने संमत केलेली ही दुरुस्ती २७ ऑक्टोबर २००९ पासून अमलात आली. संगणक किंवा दूरसंचाराच्या साधनाने तीन प्रकारचा मजकूर पाठवणे या कलमाने गुन्हा ठरवले होते: अत्यंत आक्षेपार्ह किंवा धमकीवजा मजकूर; खोटा असल्याचे ठाऊक असूनही त्रास, गैरसोय, अपमान, शत्रुत्व, द्वेष इत्यादी निर्माण करण्याच्या हेतूने वारंवार पाठवलेला मजकूर; आणि त्रास देण्यासाठी अथवा फसवणुकीसाठी पाठवलेली विपत्रे. या गुन्ह्यास तीन वर्षांपर्यंतचा कारावास व दंड अशी शिक्षा होती. गुन्हा दखलपात्र असल्याने पोलिसांना अधिपत्राशिवाय अटक करता येत असे.

‘आक्षेपार्ह’, ‘त्रास’, ‘गैरसोय’ यांपैकी एकाही शब्दाची व्याख्या अधिनियमात नव्हती. या शब्दयोजनेचे मूळ ब्रिटिश कायद्यात आहे. टपाल कर्मचाऱ्यांना दूरध्वनीवरून होणाऱ्या शिवीगाळीस आळा घालण्यासाठी १९३५ च्या ब्रिटिश टपाल कायद्यातील दुरुस्तीत आलेले शब्द पुढे २००३ च्या दळणवळण कायद्यात टिकून राहिले. तेच शब्द थोड्याफार फरकाने भारतीय कायद्यात आले. दोन व्यक्तींमधील संभाषणासाठी घडवलेली भाषा अशा रीतीने लाखो लोकांना एकाच वेळी खुल्या असलेल्या माध्यमास लागू झाली.

पार्श्वभूमी

२०१२ या एका वर्षात या कलमाखाली झालेल्या अनेक अटका देशभर गाजल्या. एप्रिलमध्ये कोलकात्यातील जादवपूर विद्यापीठाचे प्राध्यापक अंबिकेश महापात्र यांना मुख्यमंत्री ममता बॅनर्जी यांच्यावरील व्यंगचित्र विपत्राने पाठवल्याबद्दल अटक झाली. सत्यजित राय यांच्या ‘सोनार केल्ला’ या चित्रपटातील संवादांचा त्या चित्रात विनोदी वापर होता. सप्टेंबरमध्ये व्यंगचित्रकार असीम त्रिवेदी यांना मुंबईत अटक झाली. त्यांच्यावर राजद्रोहाच्या आरोपासह कलम ६६-अ ही लावण्यात आले होते. ऑक्टोबरमध्ये पुदुच्चेरी येथील एका व्यावसायिकास तत्कालीन केंद्रीय अर्थमंत्र्यांच्या पुत्रावर ट्विटरवरून टीका केल्याबद्दल अटक झाली.

सर्वाधिक पडसाद उमटले ते पालघर येथील घटनेचे. १७ नोव्हेंबर २०१२ रोजी शिवसेनाप्रमुख बाळ ठाकरे यांचे निधन झाले. दुसऱ्या दिवशी मुंबई व परिसरातील व्यवहार बंद राहिले. या बंदबद्दल प्रश्न उपस्थित करणारा मजकूर तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर लिहिला, तर तिच्या मैत्रिणीने तो पसंत असल्याची खूण केली. स्थानिक शिवसेना पदाधिकाऱ्याच्या तक्रारीवरून पोलिसांनी दोघींना अटक केली. मजकूर लिहिणाऱ्या तरुणीच्या काकांच्या रुग्णालयाची जमावाने मोडतोड केली. दोघींची जामिनावर सुटका झाली, पुढे त्यांच्यावरील खटला मागे पडला आणि अटकेप्रकरणी पोलीस अधिकाऱ्यांना निलंबित करण्यात आले.

या अटका एकाच पक्षाच्या राजवटीत झाल्या नव्हत्या. पश्चिम बंगालमध्ये तृणमूल काँग्रेसचे, तर महाराष्ट्रात काँग्रेस व राष्ट्रवादी काँग्रेस यांच्या आघाडीचे शासन होते. उत्तर प्रदेशात समाजवादी पक्षाच्या राजवटीत दलित लेखक कंवल भारती यांना फेसबुकवरील मजकुराबद्दल ऑगस्ट २०१३ मध्ये अटक झाली. नेत्यावरील टीकेने अनुयायी दुखावणे, त्यांनी तक्रार करणे आणि पोलिसांनी तत्परतेने अटक करणे हा क्रम अनेक प्रकरणांत दिसून आला.

याचिका

पालघरच्या घटनेनंतर काही दिवसांतच दिल्लीच्या २१ वर्षीय श्रेया सिंघल यांनी सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली. पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज (पीयूसीएल), कॉमन कॉज, ग्राहकांची मते प्रसिद्ध करणारे माउथशट डॉट कॉम हे संकेतस्थळ, इंटरनेट अँड मोबाइल असोसिएशन ऑफ इंडिया, खासदार राजीव चंद्रशेखर, लेखिका तस्लिमा नसरीन आदींच्या याचिकांची सुनावणी या याचिकेसोबत झाली.

दरम्यान ९ जानेवारी २०१३ रोजी केंद्र सरकारने राज्यांना मार्गदर्शक सूचना पाठवल्या. या कलमाखाली अटक करण्यापूर्वी महानगरांत पोलीस महानिरीक्षक आणि जिल्ह्यांत पोलीस उपायुक्त किंवा अधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याची संमती घ्यावी, असे त्यांत म्हटले होते. १६ मे २०१३ च्या आदेशाने सर्वोच्च न्यायालयाने या सूचनांचे पालन करण्यास सांगितले. तथापि कलमाच्या घटनात्मकतेचा प्रश्न शिल्लक राहिला.

युक्तिवाद

श्रेया सिंघल यांच्या वतीने माजी महान्यायवादी सोली सोराबजी यांनी बाजू मांडली. संविधानाच्या अनुच्छेद १९(१)(क) ने दिलेल्या भाषण व अभिव्यक्तीच्या स्वातंत्र्यावर केवळ अनुच्छेद १९(२) मध्ये नमूद केलेल्या कारणांसाठीच वाजवी निर्बंध घालता येतात. भारताची सार्वभौमता व एकात्मता, राज्याची सुरक्षितता, परकीय देशांशी मैत्रीचे संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता किंवा नीतिमत्ता, न्यायालयाचा अवमान, अब्रुनुकसानी आणि अपराधास चिथावणी ही ती आठ कारणे होत. त्रास आणि गैरसोय यांचा समावेश या यादीत नाही, असा याचिकाकर्त्यांचा मुख्य युक्तिवाद होता.

केंद्र सरकारच्या वतीने अतिरिक्त महान्यायअभिकर्ता तुषार मेहता यांनी आंतरजालाच्या वेगाकडे व व्याप्तीकडे लक्ष वेधले. दुरुपयोगाची शक्यता एवढ्यावरून कायदा अवैध ठरत नाही, असे त्यांनी मांडले. कलमाचा वापर जबाबदारीने केला जाईल, असे आश्वासनही त्यांनी दिले.

निकाल

चर्चा, पुरस्कार आणि चिथावणी. न्यायालयाने अभिव्यक्तीच्या तीन पायऱ्या मानल्या. एखाद्या विषयाची चर्चा करणे किंवा एखाद्या मताचा पुरस्कार करणे, मग ते मत कितीही अप्रिय असो, अनुच्छेद १९(१)(क) च्या संरक्षणास पात्र आहे. चर्चा किंवा पुरस्कार चिथावणीच्या पातळीवर पोहोचतो तेव्हाच निर्बंधाचा प्रश्न उद्भवतो. कलम ६६-अ या तिन्हींत काहीच भेद करत नव्हते.

सार्वजनिक सुव्यवस्था. राम मनोहर लोहिया यांच्या दोन खटल्यांचा (१९६० व १९६६) आधार घेऊन, निर्बंध आणि सुव्यवस्थेचा भंग यांचा संबंध निकटचा असला पाहिजे, असे न्यायालयाने म्हटले. एका व्यक्तीने दुसऱ्या एकाच व्यक्तीस पाठवलेला, समाजस्वास्थ्याशी काडीमात्र संबंध नसलेला संदेशही या कलमाच्या कक्षेत येत होता. एस. रंगराजन वि. पी. जगजीवन राम (१९८९) या चित्रपटविषयक निकालाचाही आधार घेण्यात आला. विरोधकांच्या हिंसेच्या भीतीने अभिव्यक्ती दडपता येणार नाही आणि संतप्त जमावास आवरणे हे राज्याचेच कर्तव्य आहे, असे त्या निकालात म्हटले होते.

संदिग्धता. गुन्ह्याची सीमारेषा नागरिक, पोलीस आणि न्यायाधीश या तिघांनाही कळली पाहिजे. एकास आक्षेपार्ह वाटणारी गोष्ट दुसऱ्यास तशी वाटेलच असे नाही, हे दाखवण्यासाठी न्यायालयाने ब्रिटनमधील कॉलिन्स (२००६) व चेंबर्स (२०१२) या खटल्यांचा दाखला दिला. एकाच वस्तुस्थितीवर तेथील कनिष्ठ व वरिष्ठ न्यायालयांनी परस्परविरुद्ध निर्णय दिले होते. कसलेल्या न्यायाधीशांचेही जेथे एकमत होत नाही, तेथे सामान्य नागरिकाने सीमारेषा कशी ओळखावी, हा प्रश्न त्यातून पुढे आला. अशा कायद्याच्या धास्तीने लोक निर्दोष मतही मांडेनासे होतात, असा निष्कर्ष न्यायालयाने काढला.

सरकारचे आश्वासन. हे आश्वासन न्यायालयाने पुरेसे मानले नाही. सरकारे येतात आणि जातात, कायदा मात्र कायम राहतो, त्यामुळे आजच्या सरकारचे वचन उद्याच्या सरकारला बांधील करत नाही, अशी त्यामागील भूमिका होती. कलमातील काही भाग वगळून उरलेला राखता येईल काय, याचाही विचार झाला. मुंबईहून निघणाऱ्या ‘क्रॉसरोड्स’ या साप्ताहिकावरील बंदीच्या संदर्भात दिलेल्या रोमेश थापर (१९५०) निकालाच्या आधारे न्यायालयाने ही शक्यता नाकारली आणि संपूर्ण कलम रद्द केले. केरळ पोलीस अधिनियमातील कलम ११८(ड) याच कारणांनी रद्द झाले.

समानता. आंतरजालासाठी वेगळे गुन्हे निर्माण करणे हा अनुच्छेद १४ चा भंग आहे, हा याचिकाकर्त्यांचा मुद्दा मात्र फेटाळण्यात आला. आंतरजाल हे मुद्रित व अन्य माध्यमांपासून भिन्न असल्याने त्यासाठी स्वतंत्र कायदा करता येईल, असे न्यायालयाने स्पष्ट केले.

कलम ६९-अ

या कलमान्वये केंद्र सरकार देशाची सुरक्षितता, सार्वजनिक सुव्यवस्था इत्यादी ठरावीक कारणांसाठी आंतरजालावरील मजकूर रोखू शकते. कारणे लेखी नोंदवण्याचे बंधन, समितीकडून होणारी छाननी आणि बाजू मांडण्याची संधी या तरतुदींमुळे न्यायालयाने हे कलम व त्याखालील २००९ चे नियम वैध ठरवले. परंतु याच नियमांपैकी नियम १६ नुसार तक्रारी व कारवाई गोपनीय राहते. ज्याचा मजकूर रोखला गेला त्यालाच आदेशाची प्रत मिळत नसेल, तर लेखी कारणांना आव्हान कसे द्यावे, असा आक्षेप या भागावर घेतला जातो. जून २०२३ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने अशा आदेशांविरुद्धची ट्विटरची याचिका ५० लाख रुपयांच्या दंडासह फेटाळली.

मध्यस्थांचे दायित्व

इतरांनी लिहिलेल्या मजकुराबद्दल मध्यस्थ कंपनीस कलम ७९ संरक्षण देते. बेकायदा मजकुराची ‘प्रत्यक्ष माहिती’ मिळूनही तो न हटवल्यास हे संरक्षण संपुष्टात येते. २०११ च्या नियमांनुसार कोणाही बाधित व्यक्तीची तक्रार ही अशी माहिती मानली जात होती, आणि कंपनीस ३६ तासांत कार्यवाही करावी लागे. त्यामुळे वाद टाळण्यासाठी मजकूर काढून टाकणे हाच कंपन्यांना सोयीचा मार्ग होता.

गुगल, फेसबुक यांच्याकडे लक्षावधी विनंत्या येत असताना त्यांपैकी योग्य कोणती, याचा निवाडा त्यांनीच करणे अतिशय कठीण आहे, असे न्यायालयाने नमूद केले. यापुढे ‘प्रत्यक्ष माहिती’ म्हणजे न्यायालयाचा आदेश किंवा शासनाची अधिसूचना, आणि तीही अनुच्छेद १९(२) च्या मर्यादेत, असा अर्थ लावण्यात आला. मात्र कंपन्या स्वतःच्या नियमांनुसार जो मजकूर हटवतात, त्यावर या निकालाने बंधन घातले नाही.

निकालानंतर

रद्द झालेले कलम पोलीस ठाण्यांतून लगेच नाहीसे झाले नाही. पीयूसीएलने न्यायालयासमोर ठेवलेल्या, मार्च २०२१ पर्यंतच्या माहितीनुसार ११ राज्यांत निकालानंतर या कलमाखाली १,३०७ गुन्हे नोंदले गेले. त्यांपैकी सर्वाधिक ३८१ महाराष्ट्रातील होते. फेब्रुवारी २०१९ मध्ये न्यायालयाने निकालाच्या प्रती सर्व उच्च न्यायालये, मुख्य सचिव व पोलीस महासंचालकांकडे पाठवण्याचा आदेश दिला. जुलै २०२१ मध्ये न्या. नरिमन यांच्याच खंडपीठाने या स्थितीबद्दल धक्का व्यक्त केला. अखेर १२ ऑक्टोबर २०२२ रोजी सरन्यायाधीश उदय लळीत यांच्या खंडपीठाने या कलमाखाली कोणावरही खटला चालवू नये, असा निर्देश दिला. अंबिकेश महापात्र यांना जानेवारी २०२३ मध्ये, म्हणजे अटकेनंतर सुमारे ११ वर्षांनी, न्यायालयाने आरोपमुक्त केले.

२५ फेब्रुवारी २०२१ रोजी जुन्या नियमांच्या जागी नवे नियम आले. ५० लाखांहून अधिक नोंदणीकृत वापरकर्ते असलेल्या समाजमाध्यमांवर त्यांनी अधिक जबाबदाऱ्या टाकल्या. एप्रिल २०२३ च्या दुरुस्तीने केंद्र सरकारच्या कामकाजाविषयीचा मजकूर खोटा अथवा दिशाभूल करणारा ठरवण्याचा अधिकार शासननियुक्त सत्यशोधन कक्षास मिळाला. विनोदकार कुणाल कामरा व इतरांनी या दुरुस्तीस मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिले. जानेवारी २०२४ मध्ये न्या. गौतम पटेल व न्या. नीला गोखले यांच्यात मतभेद झाल्याने प्रकरण न्या. अतुल चांदूरकर यांच्याकडे गेले. त्यांनी २० सप्टेंबर २०२४ रोजी ही तरतूद घटनाबाह्य असल्याचे मत दिले आणि त्यानंतर ती रद्द झाली. या निर्णयात श्रेया सिंघल निकालातील तत्त्वांचा आधार घेण्यात आला. याउलट सप्टेंबर २०२५ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ‘सहयोग’ या शासकीय यंत्रणेविरुद्धची एक्स (पूर्वीचे ट्विटर) या कंपनीची याचिका फेटाळताना, २०११ च्या नियमांसंबंधीचा हा निकाल २०२१ च्या नियमांना जसाच्या तसा लागू होत नाही, असे म्हटले.

मूल्यमापन

आंतरजालावरील भाषणास मुद्रित शब्दाइतकेच घटनात्मक संरक्षण आहे, हे या निकालाने प्रस्थापित केले. कौशल किशोर (२०२३) या घटनापीठाच्या निकालाने अनुच्छेद १९(२) मधील कारणांची यादी परिपूर्ण असल्याचे पुन्हा सांगितले. समाजमाध्यमांवरील मजकुराबद्दल अटका मात्र थांबलेल्या नाहीत. गटागटांत वैर वाढवणे, धार्मिक भावना दुखावणे व अफवा पसरवणे यांसंबंधीची दंड संहितेतील कलमे १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत अनुक्रमे १९६, २९९ व ३५३ या क्रमांकांनी अस्तित्वात आहेत. ती या निकालाचा विषय नव्हती. परस्परविरोधी राजकीय गट एकमेकांच्या मजकुराविरुद्ध तक्रारी करत असताना चर्चा कोठे संपते आणि चिथावणी कोठे सुरू होते, हे प्रथम पोलीस ठाण्यातच ठरते. या निकालाने दिलेली कसोटी तेथे लावली जाते काय, यावर तिची व्यवहारातील परिणामकारकता अवलंबून आहे.