मध्य साधण्याची परीक्षा

जालन्याच्या माणसाला बियाण्याची पारख शिकवावी लागत नाही. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी महिको ही कंपनी येथेच काढली, आणि बियाण्यांची पेठ म्हणून गावाचे नाव झाले. तरीही पिशवीवर काहीही छापलेले असो, जाणता शेतकरी शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळतो आणि किती उगवले ते पाहून मगच पेरतो. संगणकाच्या पडद्यावर एखादी चौकट नेमकी मध्यभागी कशी बसवावी, हा आमचा आजचा विषय श्रोत्यांना यापासून फार दूरचा वाटेल. तो तितकासा दूर नाही.

वेबपानाचे रूप ठरविणाऱ्या नियमांना सीएसएस म्हणतात. नियम समिती लिहिते. त्यांप्रमाणे पान रंगवून दाखविणे हे ब्राउझरचे काम. होकोन वियुम ली यांनी १९९४ मध्ये ही कल्पना मांडली. मे १९९८ मधील दुसऱ्या आवृत्तीत चौकट हव्या त्या जागी ठेवण्याची सोय झाली, आणि मध्य साधण्याचा नियमही तीतच आला. रुंदी ठरवून द्यावी, डावे-उजवे अंतर शून्य धरावे, दोन्ही समास ब्राउझरवर सोपवावेत. उरलेली जागा त्याने निम्मी-निम्मी वाटावी. उंचीचेही तसेच.

नियम इतका स्वच्छ! परंतु त्या काळी सर्वाधिक चालणाऱ्या इंटरनेट एक्स्प्लोररच्या २००१ मधील सहाव्या आणि २००६ मधील सातव्या आवृत्तीतही तो उगवला नाही. मग कारागिरांनी भिंतीवर तसबीर लावणाऱ्याची युक्ती धरली. पान १००० बिंदूंचे, चौकट ४०० ची. तर तिची डावी कड ५०० वर ठेवायची आणि २०० मागे ओढायची. मात्र यासाठी माप आधी ठाऊक हवे. मराठी मजकुराची उंची आधी सांगणार कोण? टंक बदलला की एका ओळीच्या दोन होतात आणि मध्य ढळतो. पुढे चौकटीला तिच्याच मापाच्या निम्म्याने मागे सरकविण्याची सोय झाली, तेव्हा ही अडचण गेली. पण माप विषम असले की अर्धा बिंदू उरतो, आणि अक्षरे कधीकधी पुसट दिसतात.

या गोंधळात गोणपाटाचे काम परीक्षापानांनी केले. टॉड फार्नर यांनी १९९८ मध्येच एक पान रचले. ब्राउझरने रंगविलेले चित्र नमुन्याशी जुळले तर उत्तीर्ण. सोनाराच्या कसोटीवरून त्याला ‘अ‍ॅसिड टेस्ट’ म्हणू लागले. दुसरी अ‍ॅसिड टेस्ट एप्रिल २००५ ची. मार्च २००९ मधील आठवा एक्स्प्लोरर तीत उत्तीर्ण झाला, आणि मध्याचा तो नियमही त्याने पाळला. म्हणजे नियमाला अकरा वर्षे होत आली होती! समितीनेही पुढे २.१ आवृत्तीवर जून २०११ मध्ये शिक्कामोर्तब केले ते दोन स्वतंत्र ब्राउझरांत प्रत्येक नियम चालतो हे तपासूनच.

गंमत अशी की नियम तंतोतंत पाळला तरी घोटाळा होतो. चौकट पानापेक्षा रुंद झाली तर तिला डाव्या काठाशी धरावे, म्हणजे ओळीचा आरंभ हरवत नाही, असे २.१ आवृत्ती सांगते. उंचीच्या बाबतीत असा अपवाद तीत नाही. आम्ही चौकट मुद्दाम पडद्याहून उंच करून पाहिली. मध्य बरोबर साधला. शीर्षक मात्र वरच्या काठापलीकडे गेले, आणि पान कितीही सरकविले तरी ते हाती लागेना. लहान फोनवर अर्ज भरणाऱ्याची अडचण होते ती येथे.