वाळू, ग्रॅनाइट आणि पाऱ्याचा आरसा

इंग्रजीला ‘सिस्मॉलॉजी’ हा शब्द देणाऱ्या रॉबर्ट मॅलेट या आयरिश अभियंत्याने १८४९ साली डब्लिनजवळच्या किलिनी किनाऱ्यावर ओल्या वाळूत बंदुकीच्या दारूचे पिंप पुरले. सुमारे अर्ध्या मैलावर पाऱ्याने भरलेले पात्र होते. पाऱ्यावरून परावर्तित होणारी दोन छेदणाऱ्या रेषांची प्रतिमा दुर्बिणीतून न्याहाळायची आणि ती पुसट होताच कालमापकाची कळ दाबायची, ही पद्धत. प्रश्न मात्र मूलभूत होता: हादऱ्याचा वेग खडकागणिक बदलतो काय?

वाळूत वेग भरला सेकंदाला सुमारे ८२५ फूट. पुढे जवळच्याच डॉकी येथे, भेगाळलेल्या ग्रॅनाइटमध्ये १३०६ आणि अधिक सलग ग्रॅनाइटमध्ये १६६५. क्रम अपेक्षेप्रमाणे लागला, आकडे मात्र मॅलेटलाच बुचकळ्यात टाकणारे होते. ग्रॅनाइटच्या स्थितिस्थापकतेवरून काढलेला वेग याच्या कितीतरी पट होता. खडकातील भेगा आणि सांधे लहरीला अडवतात, असा खुलासा त्याने केला. तो चुकीचा नव्हता. भेगांनी वेग घटतो, हे आजही मान्य आहे. पण तो अपुरा होता.

उणीव पाऱ्यात होती. १८७६ साली न्यूयॉर्कच्या हॅलेट्स पॉइंट येथे पाण्याखालचा खडक सुरुंगाने उडवला गेला, तेव्हा अमेरिकी सैन्यातील अभियंता हेन्री ॲबट याने असाच पारा वापरला, परंतु दुर्बिणी कमीअधिक शक्तीच्या ठेवल्या. दुर्बीण जितकी प्रखर, तितका वेग अधिक! म्हणजे मॅलेटच्या डोळ्याला प्रथम पोचणारी क्षीण लहर दिसलीच नव्हती. त्याने मोजली ती मागून येणारी ठळक थरथर. सलग ग्रॅनाइटमधील प्राथमिक लहरीचा वेग आज सेकंदाला पाच ते सहा किलोमीटर मानतात, म्हणजे मॅलेटच्या आकड्याच्या दहापट.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. ग्रॅनाइट जड आहे म्हणून लहर वेगाने जाते, असे आपण सहज म्हणतो. वास्तविक नुसती घनता वाढली तर वेग घटेल. वेग वाढतो तो ताठरपणामुळे, आणि वाळूच्या तुलनेत ग्रॅनाइटचा ताठरपणा घनतेहून कैक पटींनी वाढलेला असतो.

ॲबटचे निष्कर्ष आले त्या सुमारास मॅलेटची दृष्टी जवळजवळ गेलेली होती. १८८१ साली तो वारला.